‘मस्ट’चा भूतकाळ ‘मस्ट हॅव’ समजू नका

माझ्या वर्गातल्या एका मुलीने साहेबांना मेल पाठवला: ‘आय मस्ट हॅव सेंट द फाइल यस्टरडे.’ तिला सांगायचं होतं, फाइल कालच पाठवावी लागली. साहेबांनी वाचलं, ‘मी फाइल काल पाठवली असणार.’ लगेच उलट विचारणा आली, पाठवली की नाही ते नक्की सांगा! बिचारी गोंधळली. वाक्य व्याकरणात चोख होतं, पण अर्थ भलताच निघाला.

सक्ती सांगणाऱ्या ‘मस्ट’ला स्वतःचं भूतकाळी रूपच नाही. तिथे ‘हॅड टू’ येतं: ‘आय हॅड टू सेंड द फाइल यस्टरडे.’ ‘मस्ट हॅव’ म्हटलं की तो तर्क झाला. आणि फाइल पाठवायची राहूनच गेली असती, तर ‘शुड हॅव सेंट’.

मी मुलांना सांगते, आधी मराठी वाक्याचा शेवट बघा. ‘जावं लागलं’ असेल तर ‘हॅड टू गो’, ‘गेला असणार’ असेल तर ‘मस्ट हॅव गॉन’, ‘जायला हवं होतं’ असेल तर ‘शुड हॅव गॉन’. आपल्या भाषेने हे तिन्ही अर्थ इतके स्वच्छ वेगळे ठेवलेत, त्याचा फायदा घ्या ना!

नकारात खरी गफलत होते. ‘तो घरी गेला नसणार, गाडी अजून खालीच आहे’ म्हणताना तोंडात ‘मस्टन्ट हॅव’ येतं. तिथे ‘ही कान्ट हॅव गॉन होम’ म्हणा. ‘जावं लागलं नाही’साठी ‘डिडन्ट हॅव टू गो’. ‘हॅडन्ट टू’ नको.

‘हॅव’पुढे क्रियापदाचं तिसरंच रूप येतं, म्हणून ‘मस्ट हॅव वेंट’ चूक. कर्ता ‘ही’ असो वा ‘शी’, ‘मस्ट’नंतर ‘हॅज’ येत नाही. ‘शुड हॅव’चं बोलण्यातलं छोटं रूप ‘शुड’व्ह’ कानाला ‘शुड ऑफ’सारखं लागतं, तसं लिहू मात्र नका.

एक बारकावा मला फार आवडतो. पाहुण्यांनी पेढ्यांचा बॉक्स हातात ठेवला की म्हणायचं, ‘यू नीडन्ट हॅव ब्रॉट धिस’. म्हणजे पेढे आणलेत, गरज मात्र नव्हती. ‘आय डिडन्ट नीड टू ब्रिंग एनी’ म्हणणाऱ्याने बहुधा आणलेलेच नसतात.