मोहफुलं: वेचणी, वाळवण आणि गटाचा हिशोब

गडचिरोली-चंद्रपूरकडे साधारण मार्चमध्ये मोह गळायला लागतो आणि एप्रिल सरता सरता हंगाम आटोपतो. घरात पैशाची नड असते, म्हणून बाया एप्रिलमध्येच माल मिळेल त्या भावाने देऊन टाकतात. तोच मोह पावसाळ्यात व्यापारी चढ्या भावाने त्याच गावांत परत विकतो. फूल स्वच्छ आणि कोरडं असलं तरच ते तोवर थांबवता येतं, आणि थांबवता आलं तरच भाव मागता येतो.

झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करायची सवय आधी मोडा. त्यातून वणवे लागतात, मोहाची रोपं करपतात, आणि राखेत पडलेलं फूल खाण्याच्या कामाचं राहत नाही. पाला खराट्याने ओढून बाजूला करा, किंवा सरळ जाळी बांधा. शेडनेट चालते, जुन्या सुती साड्या एकमेकींना शिवूनही चालतात. बांबूच्या खुंट्यांना दोन-तीन फुटांवर, कडा उंच आणि मध्ये झोळ राहील अशी ताणा, म्हणजे फुलं एका जागी जमतात. झोळ जमिनीला टेकला की मुंग्या चढतात आणि ओल लागते. जाळीमुळे दिवसभराचं वाकणंही वाचतं. कंबरदुखीचं मूळ तिथेच असतं.

अंधारात निघू नका. मोह अस्वलालाही आवडतो आणि पहाटे ते झाडाखालीच असतं. उजाडल्यावर चार-पाच जणींनी, बोलत-बोलत जावं. घरून भाकर किंवा आंबील घेऊन निघावं, पाणी सोबत ठेवावं. जिला सिकलसेलचा, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे तिने तर ऊन चढायच्या आत परतावं. अंगातलं पाणी कमी झालं की तिला हाडं-सांधे फोडणारी दुखण्याची कळ येऊ शकते. वेचणीचा हंगाम म्हणजे नेमका तोच धोका.

वाळवण अंगणात मातीवर नको. बांबूच्या तट्ट्यावर किंवा धुतलेल्या ताडपत्रीवर बोटभर जाडीचा थर द्या, दिवसातून तीन-चार वेळा हलवा, संध्याकाळी झाकून आत घ्या, कारण रात्रीचं दव दिवसभराचं ऊन वाया घालवतं. कडक उन्हात तीन-चार दिवस लागतात. चार-पाच किलो ओल्या फुलांचं सुकून किलोभर होतं. मूठभर फुलं घट्ट दाबून सोडा: सुटी झाली तर माल तयार, गोळा राहिला तर अजून एक दिवस. मग हलक्या हाताने चोळून आतले केसर सुपात पाखडून काढा. लाडवात ते राहिले तर घशाला टोचतात.

मोहात साखर भरपूर, म्हणून तो हवेतली ओल ओढतो. नुसत्या गोणपाटात भरलेला मोह जूनच्या पहिल्या सरीनंतर चिकटतो, काळा पडतो, आंबूस वास सुटतो. आतून प्लास्टिकचं अस्तर लावून पोती घट्ट बांधा, भिंतीपासून वीतभर दूर फळ्यांवर ठेवा. गरम माल पोत्यात भरू नका. आत घाम सुटून बुरशी धरते.

आता पैशाचं. थांबायचं तर घरखर्चाला आगाऊ रक्कम लागते, आणि सगळ्यांचा माल एकत्र साठवून विकणारे बहुतेक बचत गट इथेच फसतात. समजा 15 जणींनी गटाकडे प्रत्येकी 40 किलो माल दिला, म्हणजे 600 किलो. किलोमागे 20 रुपये उचल धरली तर गटाकडे 12,000 रुपये आधी हवेत; ते बचतीतून किंवा फिरत्या निधीतून काढा. वजन गटाच्या स्वतःच्या काट्यावर, माल देणाऱ्या बाईसमोर, आणि नोंद तिच्या पासबुकात लगेच. उरलेली रक्कम विक्रीनंतर किलोच्या प्रमाणात, तिच्या एकटीच्या खात्यावर जमा करा. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नाही. साठवणीतली घट कशी वाटायची ते हंगामाआधीच ठरावात लिहा, नाहीतर भांडण ठरलेलं.

वनहक्क कायदा 2006 ने गौण वनोपजाची, म्हणजे मोहासारख्या लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, मालकी गोळा करणाऱ्यांना दिली आहे, आणि 2012 च्या सुधारित नियमांनुसार वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देऊ शकते. गाडीत त्याची प्रत ठेवा. नाक्यावर तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.

थोडा माल घरासाठी राखा. किलोभर मोह झटपट धुऊन पुन्हा कडक वाळवा, मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत परता. जास्त परतला की साखर जळून कडू होतो. पूर्ण गार झाल्यावरच कुटा, गरम असताना मुसळाला चिकटतो. त्यात भाजलेलं शेंगदाण्याचं कूट 400 ग्रॅम आणि तीळ 200 ग्रॅम घालून लाडू वळा. गूळ अगदी कमी, मोहच गोड असतो. विकायचे असतील तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या.

या लाडवाने रक्त वाढतं असं पाकिटावर छापू नका. ताकद येते, पण ॲनिमियाचं औषध तो नाही. गटाच्या बैठकीला आशाताईंना बोलवून हिमोग्लोबिन तपासून घ्या: 12 ग्रॅमच्या खाली, गरोदरपणी 11 च्या खाली, म्हणजे रक्त कमी. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर नीट लागू पडत नाही. जेवणानंतर तासाभराने, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईने मात्र ती डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी.