टाकीच्या मोटरला रिले लावण्याआधी

ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या कंट्रोलर बोर्डवर एलईडी लुकलुकून झाला, मोबाइलवरून बेडरूमचा दिवा लागला, की पुढचा प्रोजेक्ट बहुतेकांचा ठरलेला असतो: गच्चीवरच्या टाकीची मोटर. कराच. घरात याच्याइतकं उपयोगी पडणारं दुसरं काही नाही. पण गाठ २३० व्होल्टशी आहे आणि इथे जीव जातो. एमसीबी पाडून टेस्टरने तपासल्याशिवाय हात घालायचा नाही, आणि लाइनवर आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तो बसेपर्यंत थांबायचं.

वायफाय आणि कोड तुम्हाला जमेल, त्याची काळजी नको. माझं घोडं अडलं ते निळ्या रिलेपाशी, म्हणजे ईएसपीच्या इशाऱ्यावर मोटरची लाइन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचपाशी.

त्यावर १० अँपिअर, २५० व्होल्ट एसी असं छापलेलं असतं. १ एचपीची मोटर चालताना साधारण ५ ते ७ अँपिअर घेते, म्हणजे भागलं, असा हिशोब सगळेच करतात. पण तो आकडा हीटरसारख्या साध्या लोडचा. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि बंद करताना कॉन्टॅक्ट सुटता सुटता ठिणगी पडते. आतले चिमुकले कॉन्टॅक्ट दरवेळी थोडे थोडे वितळतात आणि एक दिवस चिकटूनच बसतात. मग ॲपमध्ये मोटर बंद, मॉड्यूलवरचा एलईडी विझलेला, आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी धो धो शेजाऱ्यांच्या बाल्कनीत. मी कोड उलटापालटा करत होतो, लायब्ररीसुद्धा बदलली. खूण सोपी आहे. मेन बंद करा, रिलेच्या वायरी सोडवा, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवून कॉमन आणि एनओ (एरवी सुटं असणारा कॉन्टॅक्ट) यांना टोकं लावा. कॉइलला, म्हणजे कॉन्टॅक्ट ओढणाऱ्या आतल्या गुंडाळीला, सप्लाय नसताना बीप वाजला, की रिले चिकटलाय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केलं तर कधी सुटतोही आणि वाटतं, झालं नीट. कसलं नीट! फेकून द्या तो.

३० अँपिअरचा रिले लाव, असं सांगणारे भेटतील. माझ्या मते ती पळवाट आहे. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसारख्या जड लोडसाठीच्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवायची आणि मोटर कॉन्टॅक्टरने. घेताना एसी-३ चं, म्हणजे मोटर लोडचं, रेटिंग बघा. एसी-१ चा मोठा आकडा हीटरसारख्या साध्या लोडचा, मोटरसाठी नसतो, दुकानदार मात्र तोच दाखवतो. कॉइलला आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावा, नाहीतर कॉन्टॅक्टर सुटताना ईएसपी मधूनच रीसेट होईल आणि तुम्ही परत कोडच चाळत बसाल. शिवाय टाकीत एक साधा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालणारा), त्याच कॉइलच्या सिरीजमध्ये. मग रिले चिकटो नाहीतर कोड अडको, टाकी भरली की मोटर बंद. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं मिळतं.

महागडे ऑनलाइन कोर्स बल्ब लावून टाळ्या घेतात. त्यापेक्षा ओळखीच्या वायरमनकाकांसोबत एक दुपार काढा. ते पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरला हसतील, पण अर्थिंग तपासल्याशिवाय हलणार नाहीत.

सेन्सरचं फार मनावर घेऊ नका. आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा एचसी-एसआर०४ सेन्सर ५ व्होल्टवर चालवलात तर त्याची इको पिन थेट ईएसपीला जोडू नका, मध्ये व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा डिव्हायडर हवा. वॉटरप्रूफवाला जेएसएन-एसआर०४टी घेतलात, तर साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. भरलेलं पाणी झाकणाच्या त्याहून जवळ येत असेल, तर सेन्सर तेवढा वर उचलून बसवा.