गाडी पेट्रोल पितेय? गॅरेजला न्यायच्या आधी एवढं करून बघा

आधी खरंच पितेय का ते तपासा. डॅशबोर्डवरचा आकडा बऱ्याचदा गोड बोलतो, त्याच्यावर जाऊ नका. टाकी पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, तीनेकशे किमी नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर परत पहिल्या कटपर्यंत भरा. ३१० किमीला २२ लिटर गेलं म्हणजे १४ चं एव्हरेज. आता हे एआरएआयच्या (गाड्या तपासणारी संस्था) आकड्याशी ताडून रडत बसू नका, तो लॅबमध्ये रोलरवर गाडी चालवून काढतात, तिथे ना सिग्नल ना खड्डे.

हवा सकाळी टायर थंड असताना चेक करा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं, टायरवर छापलेला मॅक्सचा आकडा नाही.

मग ब्रेक, हे कोणी बघतच नाही. माझी गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी होती, नंतर १६ वरून थेट १२ वर आली. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, इंजेक्टर क्लीनिंग केलं, साडेतीन हजार घेतले, फरक शून्य. एक दिवस उतरल्यावर जळका वास आला म्हणून पुढच्या डाव्या रिमला हात लावला तर बोटच पोळलं. ब्रेक पॅड दाबणाऱ्या कॅलिपरची पिन गंजून अडकलेली, म्हणजे मी महिनाभर ब्रेक दाबूनच गाडी चालवत होतो! जॅकवर चढवून चाक हाताने फिरवलं तर एक वेढाही पुरा होईना. तुम्ही पण अर्धा तास चालवून चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, लावू नका, एखादंच जास्त तापलं असेल तर तिथेच घोळ आहे.

टेंपरेचरचा काटा वर येतच नसेल तर थर्मोस्टॅट (कूलंटचा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असू शकतो, इंजिन थंडच आहे समजून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडत राहतो. चढावर आरपीएम वाढतोय पण गाडी पळत नाही, तर क्लच गेला. एअर फिल्टरला मात्र उगाच शिव्या देऊ नका, इंजेक्शनच्या गाडीत तो चोंदला की पिकअप मरतो, एव्हरेजला फारसा फरक पडत नाही.

आणि हो, ई२० पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे २० टक्के मिसळलं की ६-७ टक्के गेलेच, त्यामुळे १५ चं १४ झालं म्हणून मेकॅनिकचं डोकं खाऊ नका.

हायवेला ८० च्या जागी ११० ने गेलात तर हवेचा अडथळा जवळजवळ दुप्पट होतो. त्यात मे महिन्यात गावाला जाताना टपावर लावलेला कॅरियर दिवाळी आली तरी तसाच असेल तर तो आधी काढा, पाना घरातच असेल कुठेतरी.