रिपोर्टमध्ये 'नेक्रोसिस' दिसलं? या चुका टाळा

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत घरातलं कोणीतरी मोबाइलवर शब्द शोधत बसतं आणि 'नेक्रोसिस'पाशी सगळ्यांचे चेहरे उतरतात. नेक्रोसिस म्हणजे कॅन्सरच, हा समज सोडा. तिथल्या पेशी मेल्या आहेत, एवढंच त्यातून कळतं. कशाने मेल्या, ते आजूबाजूच्या शब्दांत शोधायचं. मानेतल्या गाठीच्या रिपोर्टात 'केसिएटिंग' (मेलेला भाग चीजसारखा दिसणारा) असेल तर डॉक्टरांना आधी टीबीची शंका येते. 'एव्हीएन' (अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस) असेल तर हाडाचा, बहुधा खुब्याच्या, रक्तपुरवठा तुटलाय. जास्त स्टेरॉइड आणि दारू ही त्याची नेहमीची कारणं.

'इस्केमिया' आणि 'इन्फार्क्ट' यांतही गल्लत होते. इस्केमियात रक्त कमी पडतंय, पेशी अजून वाचू शकतात. इन्फार्क्टमध्ये तेवढा भाग गेलेला असतो. आजोबांच्या एमआरआयमध्ये 'ओल्ड लॅक्युनर इन्फार्क्ट', म्हणजे मेंदूतला जुना, छोटा इन्फार्क्ट दिसला, तर तो आज आलेला झटका नव्हे.

सगळ्यात महागात पडते ती गँगरीनबद्दलची, म्हणजे बोट किंवा पायाचा भाग मरून सडण्याबद्दलची चूक. वास नाही, पू नाही, म्हणजे गँगरीन नाही, असं धरून चालतात. सुक्या गँगरीनमध्ये बोट काळं पडून आक्रसतं, वास फारसा येत नाही, आणि चांगल्या कातडीपाशी हळूहळू स्पष्ट रेघ उमटते. ओल्यात सूज, फोड, दुर्गंधी, ताप. तिथे उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. शुगरवाल्यांना तर बऱ्याचदा दुखतच नाही, कारण पायाची संवेदनाच गेलेली असते. म्हणूनच गरम पाण्याचा शेक देऊ नका. कातडी भाजते आणि कळतही नाही. काळी खपली घरी ओढून काढू नका. जखमेतला पिवळट, चिकट थर हा दर वेळी पू नसतो, बऱ्याचदा ती मेलेली ऊती असते, तेव्हा मनाने अँटिबायोटिक सुरू करू नका.

नुसतं 'अपॉप्टोसिस' वाचून मात्र घाबरायचं काही नाही. 1972 मध्ये केर, वायली आणि करी या संशोधकांनी हे नाव दिलं. पेशींचं हे ठरवून मरणं शरीरात रोज चालूच असतं. गर्भात बोटं सुटी होतात तीही त्यामुळेच.

'डिब्राइडमेंट'च्या कागदावर सही मागितली की पाय कापणार, असं घरच्यांना वाटतं. त्यात मेलेला भाग काढून जखम साफ करतात. किती काढावं लागेल, हे सहीआधी विचारा. पायाची डॉप्लर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) झाली का, तेही विचारा. रक्तच पोहोचत नसेल तर नुसत्या साफसफाईने जखम भरत नाही.