गावाचे पिण्याचे पाणी दूषित झाल्यास काय करावे

गावात जुलाब-उलट्यांचे रुग्ण अचानक वाढले की सर्वांना आधी ब्लीचिंग पावडर आठवते. ती हवीच, परंतु घाण नेमकी कोठून शिरते हे शोधले नाही, तर शुद्ध केलेले पाणी पुन्हा नासते. त्यामुळे घरोघरी पाणी खळखळून उकळून पिण्याची सूचना देऊन, त्याच दिवशी पाण्याचा उगम ते शेवटचा नळ असे सगळे अंतर पायी फिरून पाहावे. विहिरीच्या कठड्याला पडलेल्या भेगा, जवळचा शोषखड्डा किंवा उकिरडा यांकडे लक्ष जातेच. गटारातून गेलेली जलवाहिनी मात्र नजरेतून सुटते. पुरवठा बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि एरवी ज्या छिद्रातून पाणी बाहेर गळते, त्याच छिद्रातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. अशी गळती सापडल्यास ती आधी बंद करावी.

त्यानंतर विहिरीतील पाण्याचे मोजमाप घ्यावे. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल, तर ते सुमारे २८,००० लिटर भरते. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला दर १,००० लिटरमागे २.५ ग्रॅम, म्हणजे येथे साधारण ७० ग्रॅम ताजी पावडर लागते. गढूळ पाण्याला अधिक. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर थोड्या पाण्यात कालवून, आणखी पाणी घालून ढवळावी, १० ते १५ मिनिटे निवळू द्यावी आणि वरची निवळी तेवढी दुसऱ्या बादलीत घ्यावी. तळाचा चुना विहिरीत टाकू नये. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवावी आणि किमान एक तास पाणी उपसू नये. पावडर उघडी राहिल्यास तिच्यातील क्लोरीन उडून जातो, म्हणून जुन्या पोत्यावर विसंबू नये.

खरी परीक्षा शेवटच्या नळावर होते. तेथे दर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारण्यासाठी पाण्यात शिल्लक उरलेला क्लोरीन, आढळला पाहिजे. तो आढळला नाही, तर वाटेत कोठेतरी घाण अजूनही मिसळते आहे असे समजून पुन्हा शोध घ्यावा.

नायट्रेट, फ्लोराइड आणि आर्सेनिक यांवर मात्र क्लोरीनचा उपयोग नाही, आणि उकळल्याने पाणी आटून त्यांचे प्रमाण उलट वाढते. त्यासाठी प्रयोगशाळेतील रासायनिक तपासणीच करावी लागते. नायट्रेटची शंका असेल, तर अहवाल येईपर्यंत तान्ह्या बाळाचे वरचे दूध कालवण्यासाठी दुसऱ्या सुरक्षित स्रोताचेच पाणी वापरावे.