जनसुनावणीला जाण्याआधी: कागद, वेळ आणि पैशाची तयारी

खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते; तिची जाहिरात पेपरात आली की गावाच्या हातात उरतात तीस दिवस. २००६ च्या केंद्राच्या पर्यावरण अधिसूचनेनं किमान एवढी मुदत ठेवली आहे. तेवढ्यात चारपाचशे पानांचा ईआयए अहवाल, म्हणजे पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल, मिळवायचा, वाचायचा, जाणकाराला दाखवायचा आणि आपलं म्हणणं लेखी तयार करायचं. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, चंदगड या तालुक्यांतल्या ज्या गावांच्या डोक्यावर बॉक्साइटचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं पठार, आहे, त्यांनी जाहिरातीची वाट न बघता आजच कामाला लागावं. सुनावणीत बोलायचा हक्क कायद्यानं दिलाय, पण तयारीनिशी बोलायला जो खर्च येतो त्याची सोय कुणीच केलेली नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा अन्याय इथंच होतो. प्रकल्पवाल्याकडे पगारी सल्लागार असतो आणि वाडीवरचा माणूस रोजगार बुडवून, एसटीचं भाडं खिशातून भरून येतो.

म्हणून पहिली तयारी पैशाची. खर्चाचा अंदाज कागदावर काढा: अहवालाच्या झेरॉक्स, कोल्हापूरच्या फेऱ्या, सुनावणीच्या दिवशीची गाडी, वनस्पती आणि पाणी समजणाऱ्या तज्ज्ञांचं मानधन, आणि बुडणारी मजुरी. मजुरी हमखास राहून जाते आणि ती राहिली की शेतमजूर बायका येऊ शकत नाहीत. मग झऱ्यावरून रोज पाणी आणणाऱ्याच सुनावणीला नसतात.

कॅनडात या खर्चासाठी सरकारी निधी असतो. तिथं १९७४ ते १९७७ या काळात मॅकेन्झी खोऱ्यातल्या गॅस पाइपलाइनची चौकशी न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांनी केली. ते गावोगावी जाऊन बसले आणि आदिवासी व पर्यावरण संघटनांना तयारीसाठी सरकारकडून पैसे मिळाले. पुढं तो रिवाज पक्का झाला. आज २०१९ च्या कायद्यानुसार तिथल्या केंद्रीय मूल्यांकन यंत्रणेला सहभागींसाठी निधीची योजना चालवावीच लागते. अहवाल तपासायला, तज्ज्ञ नेमायला, प्रवासाला त्यातून मदत मिळते, आणि खाणीही त्यात येतात. आपल्या अधिसूचनेत अशी एक ओळही नाही. ही मागणी प्रत्येक निवेदनाच्या शेवटी स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहा. सुनावणीच्या इतिवृत्तात आली की ती सरकारी कागदावर चढते.

तोवर जे दरवाजे उघडे आहेत ते ठोठवायचे. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतून खर्च करायचा तर ग्रामसभेचा ठराव लागेल आणि तो खर्च कोणत्या लेखाशीर्षात बसतो हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) आधीच विचारून ठेवा, ऐनवेळी फाइल अडायला नको. जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची नोंद, असायला हवी. आपली नोंदवही दप्तरात पडून असेल तर बाहेर काढा आणि सड्यावरची पानं वाचा. कोरी असतील तर तीच आधी भरून घ्या, कारण ही नोंदवही सरकारमान्य कागद आहे. समितीसाठी स्थानिक जैवविविधता निधीची तरतूदही त्याच कायद्यात आहे. कायदेशीर सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न किती हे न बघता तिथं मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज गावातल्या महिलांच्या नावानं करणं सोयीचं. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र विभागांना पत्र लिहून सड्याची पाहणी करायची विनंती करा.

जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी हा तर खाणपट्ट्यातल्या लोकांसाठीच उभारलेला. २०१५ पासून खाणीच्या पट्टेधारकाला स्वामित्वधनाच्या (सरकारला भरायच्या रॉयल्टीच्या) १० किंवा ३० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. लिलावानं मिळालेल्या पट्ट्यांना १०, त्याआधीच्यांना ३०. पर्यावरण संवर्धन हा त्या निधीच्या प्राधान्याच्या कामांपैकी एक विषय आहे. सुनावणीआधीचा गावचा अभ्यास त्यात बसवावा, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. नकार आला तरी लेखी येऊ दे. प्रकल्पवाल्याकडून मात्र एक रुपयाही घेऊ नका, देवळाच्या जीर्णोद्धारालाही नाही आणि जेवणावळीलाही नाही. एकदा पावती फाटली की गावाचा शब्द हलका होतो. कमी पडेल ते लोकवर्गणीतून उभं करा. तालमीची आणि गणपतीची वर्गणी चोख गोळा करणारा हा जिल्हा आहे, इथंही पावतीपुस्तक तसंच ठेवा.

आता अहवाल. मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित ग्रामपंचायतीत बघायला ठेवावा लागतो. गोषवारा मराठीतून मिळतो, पण त्यावर थांबू नका, खरी माहिती मोठ्या अहवालात असते. माहितीच्या अधिकारात प्रत पानाला दोन रुपयांनी मिळते, फक्त उत्तराला तीस दिवस लागू शकतात. म्हणजे सुनावणी उलटून जायची. त्यामुळं ग्रामपंचायतीत आलेल्या प्रतीची त्याच दिवशी झेरॉक्स काढा किंवा पानन् पान मोबाइलवर टिपून घ्या.

वाचायला बसलात की आधी नमुने कोणत्या महिन्यांत घेतलेत ते शोधा. खाणीच्या अभ्यासाला पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती चालते. आपल्या सड्याचं सगळं वैभव तर पावसाळ्यातलं! जून ते ऑक्टोबर या काळात कातळावर पाणी साचतं, त्यात सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू उगवतात, बेडूक येतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये तिथं उघडा काळा दगड दिसतो. उन्हाळ्यात आलेल्या माणसाच्या अहवालात मग तीच जागा पडीक, खडकाळ ठरते. म्हणून पावसाळ्यातले तारखेसह काढलेले फोटो, जागेच्या नोंदीसकट, गावाकडे हवेतच. यंदाचा पाऊस वाया घालवू नका. त्यानंतर खाणीभोवतीच्या दहा किलोमीटर परिसराचा नकाशा बघा. आपली वाडी, धनगरवाडा, देवराई, राधानगरी अभयारण्याची हद्द, गव्यांची ये-जा, यातलं काय गाळलंय ते लाल पेनानं मांडा. हे अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत आहे, तेव्हा त्याचं अंतर बरोबर लिहिलंय का हे तपासाच.

पाण्याचा पुरावा गावानंच तयार करायचा. जांभ्या दगडाचा थर पावसाचं पाणी मुरवतो आणि कड्याच्या पायथ्याला झरे सोडतो, खाणीत नेमका तोच थर उचकटला जातो. प्रत्येक झऱ्याखाली ठरलेली एकच घागर धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा. नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मे अशा तीन वेळा मोजा, वहीत तारीख लिहा, मोजणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही घ्या. घागर किती लिटरची हेही लिहा. शाळेतली मुलं हे काम उत्तम करतात. अशी वही असेल तर ‘भूजलावर परिणाम नगण्य’ या वाक्यासमोर ठेवायला तुमच्याकडे आकडा असतो.

लेखी निवेदन प्रत्येक मुद्द्याला अहवालाचं पान क्रमांक देऊन लिहा. नुसतं ‘आमचा विरोध आहे’ याला फारसा अर्थ राहत नाही, कारण सुनावणीत मतमोजणी होत नसते. अमुक पानावर अमुक झरा नाही, असं विचारलं तर प्रकल्पवाल्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते अंतिम अहवालात यावं लागतं. बोलणारे विषयानुसार वाटून घ्या: पाणी, गवत आणि जनावरं, रस्त्यावरचे डंपर आणि उसावर बसणारी धूळ. पाण्यावर बाईनंच बोलावं.

सुनावणी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर होते आणि तिचं चित्रीकरण होतं. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारायचा हक्क आहे, घाई केली तरी बसू नका. शेवटी कामकाजाचा सारांश मराठीतून वाचून दाखवायचा असतो. तोवर एकानंही उठायचं नाही. गाडीवाल्याला परतीची वेळ आधीच उशिराची सांगून ठेवा. आपला मुद्दा सारांशात नसेल तर तिथंच उभं राहून घालायला लावा.

हिशेब ग्रामसभेत वाचा, पण वर्गणी सगळी संपवू नका. मंजुरी निघाली तर कंपनीला दोन स्थानिक वृत्तपत्रांत तशी जाहिरात द्यावी लागते, ती बघायचं काम गावातल्या एकाला नेमून द्या. राष्ट्रीय हरित लवादाकडं अपील करायला पुन्हा तीसच दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी साठपर्यंत. लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. तिथल्या फेऱ्यांचा आणि वकिलाच्या कागदपत्रांचा खर्च बाजूला काढून त्याचं वेगळं पान हिशेबवहीत उघडा.