घराचं काम काढण्याआधी: रंग, प्लाय आणि पॉलिश ठरवताना करायची तयारी

आधी कॅलेंडर काढा, शेड कार्ड नंतर. पुण्या-मुंबईकडच्या जुन्या फ्लॅटचं काम पावसाळा सरून भिंती वाळल्यावर, दिवाळीनंतर सुरू करावं आणि होळीच्या आत हातावेगळं करावं. म्हणजे पुढचा पाऊस यायच्या आत घर महिनाभर तरी उघडं ठेवता येतं. हा महिना खर्चात भाड्यासकट धरा. घरात विष येतं ते मुख्यतः चिकटवायच्या गोंदातून, थिनरमधून आणि धुळीतून. यातला गोंदाचा आणि थिनरचा वास बाहेर जायला वेळ आणि वारा लागतो. पैसे टाकून तो लवकर घालवता येत नाही. वास्तुशांतीचा मुहूर्त मध्येच निघाला तर त्या दिवशी पूजा करा, पंगत वाढा आणि झोपायला जुन्या घरी जा. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा दम्याचा माणूस असेल तर या बाबतीत कुणाचीही भीड धरू नका.

नवीन काय आणायचं याच्या आधी जुनं काय आहे ते बघायचं. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून त्याहून जास्त शिसं असलेला रंग बनवायला बंदी आली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, नारिंगी, लाल आणि हिरव्या छटांत, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. ऐंशीच्या दशकातल्या सोसायटीत खिडक्यांचे गज, दरवाजाच्या चौकटी, बाल्कनीची ग्रिल यांवर असे चार-पाच थर एकावर एक बसलेले असतात. पेंटर येतो आणि कोरडा पॉलिश पेपर मारायला घेतो किंवा ब्लो लॅम्पने रंग जाळून काढतो. हे होऊ द्यायचं नाही. त्या धुळीत आणि धुरात शिसं असतं, ते फरशीच्या सांध्यांत बसतं आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जातं. शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून रंग घट्ट बसलेला असेल तर नुसता पुसून त्यावर नवा हात द्या. पोपडे सुटले असतील तर पाणी मारून ओलंच घासा, खाली जाड प्लास्टिक अंथरा आणि पडलेला चुरा गुंडाळून बाहेर काढा. तो झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा. शंका फारच असेल तर पोपड्याचा तुकडा एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासायला देता येतो.

त्याच फेरीत छपरावर, गॅलरीवर आणि मागच्या बाजूच्या पाइपांवर नजर टाका. करडा, नागमोडी सिमेंटचा पत्रा जुना असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक असलेलं तंतूंचं खनिज, आहे असं समजा. आपल्याकडे त्याच्या खाणी बंद झाल्या, पण आयात केलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे आजही बनतात आणि विकले जातात, त्यामुळे नवा पत्रा घेतानाही विचारायलाच हवं. शाबूत पत्रा नुसता असल्याने त्रास देत नाही. तो कापला, त्याला भोक पाडलं, तारेच्या ब्रशने घासला किंवा हातोड्याने फोडला, की त्याचे तंतू हवेत सुटतात आणि फुप्फुसात जातात. डिश अँटेनावाल्याला किंवा केबलवाल्याला तिथे ड्रिल लावू देऊ नका. काढायचाच असेल तर भिजवून, बोल्ट सोडवून, अख्खाच्या अख्खा उतरवायचा. त्याजागी रंगवलेला पोलादी पत्रा किंवा कौलं घाला.

आता ओल. भिंतीला ओल असताना बुरशीविरोधी रंग मारून घेणं म्हणजे पैसे आणि रसायन दोन्ही वाया घालवणं. आधी गळती शोधा: वरच्या मजल्याचं बाथरूम, बाहेरच्या भिंतीतली चीर, खिडकीखालचा उलटा उतार. ती बंद झाल्यावर भिंत पूर्ण वाळू द्या, मगच पुट्टी. बुरशी दम्याच्या माणसाला रंगाच्या वासापेक्षाही जास्त छळते आणि ती वर्षानुवर्षं छळते, म्हणून खर्चाला कात्री लावायची वेळ आलीच तर ती इथे लावू नका.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो लाकडासाठी. आपल्या घरांत खिडक्या लहान आणि फर्निचर भिंतभर असतं: ओव्हरहेड, लॉफ्टची दारं, पलंगाखालचे खण, टीव्ही युनिट. हे सगळं प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) किंवा भुशाच्या बोर्डाचं असतं आणि त्यातल्या गोंदात फॉर्माल्डिहाइड हा झोंबणारा वायू असतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. नव्या कपाटाचा खण उघडल्यावर नाकात झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं, ते बहुतेक वेळा त्यामुळेच. उकाड्यात आणि दमट हवेत ते जास्त सुटतं, म्हणजे मे महिन्यात आणि पावसाळ्यात बंद खोलीत सगळ्यात जास्त.

सुताराला ‘चांगला प्लाय आण’ असं सांगून भागत नाही. कमर्शियल किंवा एमआर (ओलावा सोसणाऱ्या) ग्रेडचा प्लाय, आयएस ३०३ या भारतीय मानकातला, साधारणपणे युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंदाचा असतो. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) ग्रेड आणि आयएस ७१०चा मरीन प्लाय फिनॉल-फॉर्माल्डिहाइडने चिकटवतात. हा गोंद पाण्याला टिकतो आणि एकदा पक्का झाला की वायूही बराच कमी सोडतो. त्यामुळे मरीन हा फक्त ओट्याखाली लावायचा प्लाय आहे, हा समज सोडा. झोपायच्या खोलीतल्या कपाटालाही तो लावावा. एमडीएफ आणि भुशाचा बोर्ड घ्यायचाच असेल तर युरोपच्या मानकातल्या ई-१ वर्गाचा घ्या. या वर्गात शंभर ग्रॅम बोर्डात फॉर्माल्डिहाइड ८ मिलिग्रॅमच्या वर नसतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या ‘कार्ब फेज २’ या नियमाची मर्यादा त्याहून कडक आहे. ‘ई-०’ हा शब्द दुकानात सर्रास ऐकू येतो, पण युरोपच्या मानकात तसा वर्गच नाही, म्हणून ई-० म्हणणाऱ्याकडून त्या मालाचा चाचणी अहवाल मागा. अहवाल नसेल तर ती नुसती जाहिरात आहे असं धरा. आयएसआयचा शिक्का, त्याखालचा परवाना क्रमांक आणि ग्रेड प्रत्येक शीटवर छापलेला असतो. टेम्पो खाली उतरवताना स्वतः उभं राहून तो बघा आणि फोटो काढून ठेवा. वरच्या दोन शीट शिक्क्याच्या आणि खालच्या बिनशिक्क्याच्या, असं होतं.

दोन दुकानांचे नमुने तुलनेला हातात असतील तर दोन्हीचे सारखे तुकडे दोन झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत घालून दिवसभर उन्हात ठेवा आणि संध्याकाळी झाकण उघडून अंतरावरूनच वास घ्या. यातून आकडा मिळत नाही, पण कोणता तुकडा जास्त झोंबतो ते कळतं.

कापलेली प्रत्येक कड ही वायू सुटायची जागा. समोरून सनमायका लावून आतून आणि मागून बोर्ड उघडा ठेवणं ही नेहमीची काटकसर आहे. आतल्या बाजूलाही लॅमिनेट मागा आणि चारही कडांना एज बँड (कड झाकणारी पट्टी) मागा, भिंतीकडच्या कडेलाही. कोटेशनमध्ये हे लिहून घ्या, नाहीतर शेवटच्या आठवड्यात ‘ते कोण बघतंय’ असं उत्तर मिळतं. लॅमिनेट चिकटवायला पांढरा, पाण्यातला गोंद वापरायला सांगा. पिवळं रबरी सोल्युशन पटकन पकडतं म्हणून सुताराला आवडतं, पण त्यात टोल्युइनसारखे विषारी वाफ सोडणारे द्रव असतात. पांढऱ्या गोंदाला रात्रभर दाब द्यावा लागतो. तो वेळ कामाच्या दिवसांत धरून द्या.

याहून सोपा उपाय म्हणजे बोर्डच कमी करणं. लोखंडी कपाटाला फॉर्माल्डिहाइड नसतं. स्वयंपाकघरात स्टीलच्या ट्रॉल्या आणि कडाप्प्याचे कप्पे उत्तम चालतात. आपल्या आज्यांच्या घरात तेच होतं. पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये फिरलात तर पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिळतं. ते महाग पडतं पण पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. फक्त त्यावर जुना ऑइल पेंट असेल तर शिशाची वर सांगितलेली काळजी इथेही घ्यायची.

पॉलिशचं आधीच ठरवा. मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) ही पॉलिशं चकाकतात, पण त्यांचा फवारा मारताना घर अक्षरशः थिनरने भरतं. मेलामाइनमध्ये तर फॉर्माल्डिहाइडही येतं. सागवानाला चपडा लाखेचं स्पिरिट पॉलिश किंवा जवसाचं तेल पुरेसं होतं. स्पिरिटही विषारीच असतं, पण ते लवकर उडून जातं. त्या दिवशी खिडक्या सताड उघड्या आणि जवळपास ज्योत नको. जवसाच्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेते. पाण्यात बुडवा किंवा उलगडून उघड्यावर वाळवा.

भिंतींसाठी पाण्यातलं इमल्शन घ्यायचं आणि डब्यावर व्हीओसीचा (हवेत उडणाऱ्या रसायनांचा) आकडा ग्रॅम प्रति लिटरमध्ये शोधायचा. पन्नासच्या खाली असेल तर बरं. गडद छटेसाठी दुकानातल्या मशीनमधून जे रंगद्रव्य मिसळतात त्याने हा आकडा वाढू शकतो, म्हणून मुलांच्या खोलीत फिकी छटा. प्राइमरही पाण्यातलाच हवा. वरचा हात ‘इको’ आणि खालचा थर टर्पेंटाइनमधला, याला काही अर्थ नाही. दारं आणि ग्रिलसाठीही आता पाण्यातले इनॅमल मिळतात. फॅब्रिकेटर स्वतःच्या दुकानात ग्रिल रंगवून आणतो तेव्हा तो बहुधा औद्योगिक रंग मारतो आणि शिशाचा ९० पीपीएमचा नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे. ग्रिल बिनरंगाची मागवा आणि रंगाचा डबा तुम्ही द्या.

चुन्याची सफेदी मला आजही फार आवडते. सिमेंटच्या कोऱ्या गिलाव्यावर ती छान बसते, तिला वास नसतो आणि अल्कलीमुळे बुरशी धरत नाही. कोकणात चिऱ्याच्या भिंतींवर तिचं चीज होतं. प्लास्टिक पेंटवर ती बसत नाही आणि कपड्यांना थोडी लागते, हे मान्य करूनच घ्यायची. चुना भिजवताना उसळतो, डोळ्यांना आणि हातांना जपा.

फरशीत फार गुंता नाही. शहाबादी, कोटा, मोझॅक, सिरॅमिक, सगळं चालेल. व्हिनाइलचे रोल आणि पीव्हीसीचं सीलिंग टाळा. ओट्याला कृत्रिम क्वार्ट्झऐवजी ग्रॅनाइट निवडा. क्वार्ट्झच्या त्या दगडात ९० टक्क्यांच्या वर सिलिका असते आणि तो कापणाऱ्यांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. दगड कुठलाही असो, कटरवर पाण्याची धार हवी. पीव्हीसी पाइपमधल्या शिशाच्या वापरावर २०२१ साली नियम आले, तेव्हा पिण्याच्या पाण्याची लाइन करताना प्लंबरने गोदामातला जुना माल आणला नाही ना ते छापील तारखेवरून बघा.

वाळवीचा फवारा मारणाऱ्याला औषधाचं नाव विचारा. क्लोरपायरिफॉस अजून सर्रास मारतात. युरोपीय संघाने २०२० मध्ये ते बंद केलं आणि २०२५ मध्ये ते घातक, टिकाऊ रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. सरसकट घरभर फवारण्याआधी बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेलं लाकूड आणि कोरडी भिंत यांनी किती काम भागतं ते बघा.

आणि काम करणारी माणसं. आपण राहायला येऊ तोवर धूळ आणि वास बराच उतरलेला असतो. त्याचा खरा मारा सुतार, पेंटर आणि फरशीवाल्यावर होतो. बाहेरगावचे कारागीर साइटवरच झोपतात, पॉलिशच्या खोलीला लागून, तिथेच पोळ्या करतात. त्यांच्या झोपण्याची सोय वेगळी करा. ते जमलं नाही तर पॉलिशच्या दिवसांपुरती तरी करा. धुळीला एन-९५ मास्क, पॉलिशच्या फवाऱ्याला कार्बनच्या डबीचा मास्क. रुमाल बांधून दोन्हींतलं काही अडत नाही. हात धुवायला साबण आणि डबा खायला धुळीपासून लांबची जागा द्या. हे सगळं अंदाजपत्रकात ‘सुरक्षा’ म्हणून वेगळी ओळ घालून मांडा, तरच ते होतं. काम चालू असताना मुलांना ‘बघायला’ आणू नका.

शेवटचा हात वाळल्यावर महिनाभर सगळ्या खिडक्या, कपाटं आणि खण उघडे ठेवा. रोज कुणी तरी जाऊन पंखे लावेल अशी व्यवस्था करा. एसी खोलीतलीच हवा फिरवतो. कुंड्या ठेवून वायू कमी होत नाही. एअर प्युरिफायर घेतलाच तर कार्बनचा जाड फिल्टर असलेला घ्या, कारण नुसत्या हेपा (बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरला वायू अडत नाहीत. उरलेला थिनर मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावून पेंटरला पुढच्या कामासाठी देऊन टाका. पाण्यातल्या रंगाचा एक लिटर डागडुजीसाठी ठेवा, त्याच्या लेबलचा आणि प्लायच्या शिक्क्यांचा फोटो बिलांसोबत एका फाइलमध्ये लावा. पहिल्या पावसाळ्यात कपाटांना पुन्हा वास येऊ लागला तर आतली एखादी कड उघडी राहिली असणार. बिजागरीची भोकं आणि वायरसाठी पाडलेली छिद्रं बहुतेक वेळा तशीच सुटतात. ती शोधून बंद करून घ्या.